शिवरात्रीचा डेलिया

डेलियाच्या गड्ड्याला डोळा असतो तो मानेवर, अंगावर नसतो. मी उभी हयात ज्या धंद्यात काढली त्याचं सार या एका वाक्यात आहे. हे वाक्य मला विशीतच पाठ झालं होतं. पण त्याची खरी किंमत कळली ती एका महाशिवरात्रीला, तीही रताळं खाता खाता.

दिवाळी अंकाचे संपादक माझ्या रोपवाटिकेत आले तेव्हा मी कुंड्या भरत होतो. ते म्हणाले, "तुमच्या नोकरीबद्दल लिहा." बेळगावच्या कॅम्पातल्या बंगल्यांच्या बागा सांभाळण्यात माझं तरुणपण गेलं. कोणत्या साली कोणत्या बंगल्यात होतो, कुणाच्या हाताखाली होतो, हे सांगून वाचकाच्या पदरात काय पडणार? मराठी सातवीपर्यंत शिकलेल्या माळ्यानं आपलं चरित्र लिहू नये एवढी अक्कल मला आहे. म्हणून एका फुलाबद्दल लिहितो. आणि आप्पांबद्दल, कारण ते फूल त्यांचं.

मी मूळचा कंग्राळीचा. आमच्याकडच्या लाल मातीत रताळं असं पिकतं की घरातल्या पोराला चालायला येण्याआधी रताळं सोलायला येतं. रताळ्याचा स्वभाव गरीब. वेलाचा तुकडा खोचा, लागतो. रताळं कुठंही फोडा आणि ओलीत टाका, कुठून तरी कोंब काढतंच. त्यामुळं आमच्या भागातला माणूस माळीकामाला लागला आणि त्याच्या हातात डेलियाचा गड्डा आला की तो हमखास एकच चूक करतो. गड्डा दिसतो थेट रताळ्यासारखा. झाडाच्या बुडख्याला पाचसहा रताळी लोंबत असावीत तसा त्याचा घोस असतो. आमचा माणूस तो घोस सुटा करतो, एकेक गड्डा मोडून घेतो आणि ऐटीत लावून टाकतो. कॅम्पातल्या एका बंगल्यात नवा कामाला लागलो तेव्हा मीही तेच केलं. आख्खा पावसाळा पाणी घातलं, खत घातलं. गड्डा सडला नाही आणि उगवलाही नाही. जमिनीत नुसता झोपून राहिला.

तिथले हेडमाळी आप्पा रोज शेजारून जायचे आणि म्हणायचे, "घाल, घाल पानी. लई गुणी झाड हाय, येळ लावतंय." दसऱ्याला त्यांनी तो गड्डा उपटून माझ्या हातात दिला आणि बुडखा आणि गड्डा जिथं जोडले जातात ती बारीक मान दाखवली. "डोळा हितं असतोय, मारत्या. मान मोडलीस की नुसतं मढं उरलं." एवढं सांगायला त्यांनी चार महिने थांबायचं काय कारण होतं, असं मी चिडून विचारलं. ते म्हणाले, "आदी सांगितलं असतं तर इसरला असतास."

आप्पांचं गाव जांबोटीच्या रानाकडचं. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. बंगल्यामागच्या खोलीत एकटेच राहायचे. झाडांशी बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण झाडांना शिव्या घालणारे आप्पाच. बंगल्याच्या मालकीणबाई एका गोऱ्या मेजराच्या विधवा. उंच, अबोल, गुडघ्यावर बसून स्वतः तण काढणाऱ्या. एकदा त्यांनी आम्हाला पुस्तकातून वाचून सांगितलं की, डेलिया मुळात मेक्सिको नावाच्या देशातला, तिथल्या डोंगरातल्या जंगलांत आपोआप उगवणारा. झेंडू, शेवंती, करडई आणि आपल्या पठारावरची सोनकी ही सगळी त्याच्याच कुळातली. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरं तर शेकडो बारक्या फुलांचं खटलं असतं, एका देठावर नांदणारं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "म्हंजे ह्येबी आमच्यागत रानातलंच. म्हनून त्याला बेळगाव मानवतंय." त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडची बारीक झड, थंड माती, दुपारचं कोवळं ऊन या झाडाला माहेरासारखं लागायचं. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत कॅम्पातल्या बागा डेलियानं अशा भरून जायच्या की टांगेवाले मुद्दाम त्या रस्त्यानं टांगा घालायचे.

बाईंच्या परवानगीनं आम्ही शेजारच्या बागाही बघायचो आणि फुलंही विकायचो. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. शेजारच्या बंगल्यात एक कॅप्टन राहायला आला. त्याला फुलझाडं उंचीप्रमाणं रांगेत उभी हवी असायची. एक झाड बुटकं राहिलं म्हणून त्यानं आम्हा दोघांना बोलावून जाब विचारला. आप्पा मान खाली घालून म्हणाले, "साब, वो नया भरती है." त्यानंतर कॅप्टन त्या झाडाजवळून जाताना त्याच्याकडं जरा मायेनं बघायचा.

तुळशीच्या लग्नानंतर, बहर सरत आला असताना, संकेश्वरचा एक गुळाचा व्यापारी मुलीच्या लग्नाचा मांडव डेलियानं सजवायचा हट्ट धरून बसला. डेलिया पहाटे कापायचा, देठ लगेच कोमट पाण्यात बुडवायचा, तेव्हा तो दोन दिवस टिकतो. दोऱ्यात ओवून वाऱ्यावर टांगला की दुपारी मान टाकतो. हे मी परोपरीनं सांगितलं. "मला शिकवू नगो," असं उत्तर मिळालं. आप्पांनी वाद घातला नाही. बैलगाडीत डेलियाच्या टोपल्यांखाली दोन बुट्ट्या झेंडू मुकाट्यानं चढवले. दुपारच्या अक्षतांना मांडवात झेंडूच होता. व्यापाऱ्यानं नंतर गुळाची ढेप पाठवली. ती झेंडूसाठी की गप्प राहण्यासाठी, ते त्यानं सांगितलं नाही.

आता त्या फुलाकडं येतो.

डेलियाचं बी पेरलं तर आईसारखी लेक होत नाही. लाल फुलाच्या बियांतून पिवळं येईल, एकेरी येईल, बहुतेक वेळा टाकाऊच येईल. पण एखादं असं येतं की जगात तसं दुसरं नसतं. मग ते राखायचं असेल तर त्याचा गड्डाच राखावा लागतो. गड्डा मेला की ते फूल संपलं. पुन्हा बी पेरून ते मिळत नाही. आप्पा दर वर्षी विहिरीमागच्या हातभर जागेत, स्वतःच्या हौसेपोटी, चिमूटभर बी पेरायचे. आयुष्यभर पेरलं आणि आयुष्यभर उपटून फेकलं. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, बेळगावजवळ सांबऱ्याला विमानं उतरायला लागली होती त्या सुमारास, त्यांना ते मिळालं. पिकल्या करवंदाच्या रसाचा रंग, आणि प्रत्येक पाकळीचं टोक पांढरं.

बागेतल्या बाकी डेलियांना नावं होती, सगळी साहेबांची आणि त्यांच्या बायकांची. माळ्यानं रुजवलेलं फूलही बंगल्याच्याच नावावर प्रदर्शनात जायची रीत होती. त्याबद्दल आप्पांनी कधी तक्रार केली नाही. पण हे एक फूल त्यांनी विहिरीमागंच ठेवलं, कुणाला दाखवलं नाही, नावही दिलं नाही. मला म्हणाले, "माझं म्हनावं असं एवढंच झालंय, मारत्या. पोर न्हाय, शेत न्हाय. एवढंच हाय." पौषात झाड वाळलं तेव्हा गड्ड्यांचा तो एकुलता एक घोस त्यांनी काढला. बंगल्याच्या कोठीत ठेवला तर बाकीच्यांत मिसळेल, आणि त्यांच्या खोलीत घुशींचा सुळसुळाट. म्हणून त्यांनी तो माझ्याकडं दिला. मी मडक्यात कोरडी वाळू घालून घोस त्यात पुरला आणि मडकं आमच्या माळ्यावर ठेवलं. माझ्या आईला मडकं दिसलं होतं. तिनं काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

महाशिवरात्र आली. मलाही उपास होता. संध्याकाळी बागेतून दमून घरी आलो, हातपाय धुतले. आईनं पितळीत उकडलेली रताळी आणि गुळाचा खडा पुढं ठेवला. मी एक खाल्लं.

"आई, रताळं बेचव लागतंय गं."

"व्हय रं. पाणचटच हायती. पर तू येवढी वाळूत घालून ठेवलीस, म्हटलं लेकानं सणासाठी राखून ठेवल्यात. म्हनून हीच उकडली."

माझा हात तोंडाजवळ थांबला. "माळ्यावरच्या मडक्यातली?"

"मग? दुसरी कुठली?"

ती रताळी नव्हेत, फुलझाडाचे गड्डे आहेत, आप्पांचे आहेत, जगात तेवढेच आहेत, असं मी तिला सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. आईनं कपाळावर हात मारला. "म्हंजे रताळं न्हवं ते? अगं आई गं! माझा उपास मोडला की रं!" आणि मग, अगदी हळू आवाजात, "आनि आप्पांचं फूल गेलं व्हय रं माझ्या हातनं?"

मी तसाच उलट कॅम्पाकडं निघालो. ही गोष्ट सांगायला मी दुसऱ्या कुणाला पाठवू शकत नव्हतो. आप्पा खोलीसमोर बसून झाडं बांधायची सुतळी वळत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले. मग म्हणाले, "गोड हुतं काय रं?"

"न्हाय, आप्पा. बेचव."

"मग तर लईच नुकसान झालं. फूलबी गेलं आनि तोंडालाबी चव न्हाय." ते हसले. पण सुतळीचं टोक त्यांना सापडेना. हातात असलेलं टोक ते मांडीवर चाचपत राहिले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

आणि एकाएकी ते ताठ बसले. "मान कुठं टाकली?"

"आं?"

"आरं, गाढवा! आक्कानं गड्डं उकडलं. बुडखा कुनी उकडतंय व्हय? मान कापून बुडखा कुठं टाकला तिनं?"

मानेवर डोळा असतो, हे मला पढवायला त्यांनी एक पावसाळा घालवला होता, आणि गरजेच्या वेळी माझ्या डोक्यातून ते साफ गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना आम्ही दोघं कंग्राळीत पोचलो. आई दारातच उभी होती. बुडखा तिनं उकिरड्यावर टाकला होता, आणि उकिरडा जागेवर नव्हता. माझा थोरला भाऊ नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणं पहाटेच तो उपसून गाडीनं शेतात घेऊन गेला होता. आम्ही शेतात गेलो तर शेणखताचे ढीग ओळीनं पडलेले. भावाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो बिचारा बैल सोडून विडी ओढत बसला होता.

आप्पा पहिल्या ढिगाशी मांडी घालून बसले आणि हातानं खत चाळायला लागले. मी दुसऱ्याशी. आईनं पदर खोचला आणि तिसऱ्याशी बसली. ऊन चढलं. तिनं आदल्या दिवसापासून धड काही खाल्लं नव्हतं, उपासाचं पारणंही केलं नव्हतं.

आप्पा म्हणाले, "आक्का, घरी जा. पारणं करून ये जा."

"तुमचं फूल घावल्याबिगर माझ्या तोंडात पानी पडायचं न्हाय," आई म्हणाली, आणि चाळत राहिली.

बांधावरून जाणाऱ्या एकानं विचारलं, "काय सांडलंय गं, काकू?"

"अक्कल," आई म्हणाली. तिचे हात थांबले नाहीत.

बुडखा तिलाच सापडला. अंगठ्याएवढा तुकडा, अर्धा वाळलेला, शेणानं माखलेला. मी पाहिला असता तर तुरकाटी समजून फेकून दिला असता. पण तिनं तो पुसला, उन्हात धरला आणि कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं. "ह्यो माझ्या विळीचा घाव. मधनं खांडा पडलाय न्हवं तिला, ही बघा रेघ." खरंच, कापात मधोमध एक बारीक कंगोरा होता. बाकी माना ठेचल्या गेल्या होत्या. एका मानेचा हरभऱ्याएवढा भाग राहिला होता आणि त्यावर एक डोळा होता.

आप्पांनी तो तुकडा ओंजळीत घेतला, कपाळाला लावला. आणि मग माझ्यावर असे खेकसले की बैलांनी माना वर केल्या. "बघत काय ऱ्हायलास? वाळू आन!"

पोसणारा गड्डा गेला होता, म्हणजे झाडाची शिदोरीच गेली होती. नुसत्या डोळ्याला फुटायचं बळ कुठून मिळणार? आप्पांनी लहान कुंडीत वाळू आणि पालापाचोळ्याचं खत घातलं, तुकडा त्यात बसवला आणि ती कुंडी बंगल्यामागच्या शेणाच्या ढिगात गळ्यापर्यंत पुरली, आतली ऊब लागावी म्हणून. दिवसातून कितीदा तरी ओल बघायचे. जास्त झालं तर कुजणार, कमी झालं तर वाळणार. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. आमच्या उकिरड्याला तेवढा दम नव्हता. पाडव्याच्या सुमारास एक तांबूस कोंब वर आला. आप्पांनी त्याला पहिली शिवी घातली तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

आई दर बाजारच्या दिवशी भाजी विकून झाली की वाकडी वाट करून कॅम्पात यायची. कुंडीसमोर उभी राहायची, कोंब बघून परत जायची. आप्पांसमोर बसायची मात्र नाही. घरात रताळं शिजवणंही तिनं बंद केलं. मी एकदोनदा समजावलं, तर म्हणाली, "तू गप रं. मानसानं तुज्याकडं पोर सांभाळाय दिलं, आनि म्या ते चुलीवर ठेवलं."

भाद्रपदात फूल आलं. झाड अशक्त, फूल लहान. पण तेच करवंदी अंग, तीच पांढरी टोकं. आप्पा लपवायला विसरले की त्यांना आता लपवायचं नव्हतं, कोण जाणे; कुंडी त्यांनी खोलीसमोर उघड्यावर ठेवली. बाईसाहेबांनी पाहिली. खूप वेळ वाकून पाहिली आणि विचारलं, "आप्पा, ये किसका फूल है?"

आप्पा म्हणाले, "मेरा है, मेमसाब."

बाईंनी मान हलवली. प्रदर्शनाला कार्ड लिहायची वेळ आली तेव्हा मालकाच्या जागी त्यांनी स्वतःच्या हातानं आप्पांचं पूर्ण नाव लिहिलं. इतर बंगल्यांत त्यावरून कुजबुज झाली असं खानसाम्यानं सांगितलं. बाईंनी ती कानांवर घेतली नाही. त्यांचा हा उपकार मी विसरलेलो नाही. फुलाचं नाव काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं आप्पा देवाचं नाव सांगतील, नाहीतर बायकोचं.

"शिवरात्र," आप्पा म्हणाले.

नंबर आला नाही. पण शहापूरचा एक विणकर त्या कुंडीसमोर इतका वेळ उभा राहिला की शिपायानं त्याला दोनदा पुढं सरकवलं. गळून पडलेली एक पाकळी त्यानं विचारून घेतली आणि टोपीत ठेवली. पुढच्या वर्षी शहापूरच्या पेठेत करवंदी लुगड्याला पांढऱ्या रेघेचा काठ निघाला. त्याचा याच्याशी काही संबंध होता की नाही, मला सांगता येणार नाही. आप्पांना मात्र जराही शंका नव्हती.

त्या वर्षी घोसाला चांगले गड्डे धरले. महाशिवरात्रीच्या संध्याकाळी आप्पा आमच्या घरी आले, पहिल्यांदाच. धोतराच्या सोग्यातून त्यांनी दोन गड्डे काढले, मान मोडलेले, न उगवणारे. आईपुढं ठेवून म्हणाले, "आक्का, उकड."

आईचा चेहरा उतरला. "आप्पा, नगा की थट्टा करू."

"थट्टा कसली? पोटात उपास हाय माझ्या. उकड म्हनतोय न्हवं."

तिनं उकडले. पितळीत एक गड्डा वाढला. आप्पांनी तो सोलला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चावला. "कोन म्हनतंय बेचव? ह्या मारत्याला खायाच येत न्हाय. साखरंगत हाय की गं, आक्का!" सगळा संपवला, बोटं चाटली. "दुसरा कुठाय? वाढ की."

आई हसली. वर्षभरात मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. पदरानं डोळे पुसत ती त्यांच्यासमोर बसली आणि विचारलं, "मग माझा उपास मोडला न्हाय न्हवं?"

"महादेवाला इचारलं मी. न्हाय म्हनाला."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात पुन्हा रताळी शिजू लागली. आप्पांना तो गड्डा गोड लागला, तेव्हा मी मनात म्हटलं, वर्षावर्षाचा फरक असेल, आदल्या साली गड्डे नीट पिकले नसतील.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी बाईसाहेब बंगला सोडून गेल्या. आप्पा त्याआधीच्या थंडीत गेले. घोस मला देऊन, आणि शेवटपर्यंत मला गाढव म्हणून. कंग्राळीच्या वाटेवर मी ही रोपवाटिका काढली. शिवरात्र आता पुष्कळांच्या दारात आहे. मागेल त्याला देतो, मान दाखवून देतो.

आप्पांच्या माघारी पहिली महाशिवरात्र आली तेव्हा मडकं उतरवून गड्डे तपासत होतो. एकाची मान मोडलेली निघाली. त्यांची आठवण म्हणून तो उकडायला लावला. चावला, आणि थांबलो. तीच चव. पाणचट, जराशी कडवट, घशाला धरणारी. गुळाबरोबरही उतरेना.

अजून दर शिवरात्रीला एक खातो. इतकी वर्षं झाली, मला अर्ध्याच्या पुढं जात नाही. आप्पांनी सबंध खाल्ला होता, आणि वर दुसरा मागितला होता.